एकादशीला गॅसची गोळी

१

तलवाड्याच्या हनुमानने सोमवारी सकाळी सात वाजता आतल्या खोलीतली ट्रंक उघडली, तेव्हा आपल्या आईचं हृदय जागेवर नाही, असं त्याला आढळून आलं.

म्हणजे खरं हृदय जागेवरच होतं. वच्छलाबाई त्या वेळी परसात शेळीला पाला घालत होत्या आणि ते त्यांच्यासोबतच होतं. नाहीशी झाली होती ती हृदयाची फाईल. निळ्या प्लास्टिकची, दवाखान्याच्या इंग्रजी कागदांनी फुगलेली. तिच्या जागी तशीच निळी, तितकीच फुगलेली दुसरी फाईल होती आणि तिच्यात एक्केचाळीस लग्नपत्रिका होत्या. त्यातल्या काही जोडप्यांचं आता आपसात बोलणंही नाही. पण पत्रिका नीट जपल्या होत्या.

दोन वर्षांपूर्वी वच्छलाबाईंच्या छातीत कळ आली. संभाजीनगरच्या दवाखान्यात मनगटातून तार घालून हृदयाच्या नळीत जाळी बसवली. घरी आणल्यावर हनुमानने आईला सांगितलं की गॅस झाला होता, काढला. आमच्याकडे आजार पेशंटला सांगत नाहीत. पेशंट सोडून सगळ्या गावाला सांगतात. कॅनडात असलेल्या बहिणीलाही, म्हणजे स्वप्नालीलाही, त्याने गॅसच सांगितला. लांबच्या माणसाच्या जिवाला घोर कशाला?

आता स्वप्नालीला लग्नानंतर नऊ वर्षांनी दिवस गेले होते. वच्छलाबाई सहा महिन्यांसाठी बाळंतपणाला निघाल्या होत्या. वय पंच्याहत्तर पुरं. विमान गुरुवारी. बुधवारी सकाळी जीप मुंबईकडे निघणार होती.

त्या प्रवासाचा विमा काढायला तीन आठवड्यांपूर्वी गेवराईचा एजंट सुरज घरी आला होता. ओसरीवर बसून त्याने फॉर्ममधले प्रश्न मोठ्याने वाचले. साखर? नाही. दमा? नाही. हृदयाचा काही आजार, काही ऑपरेशन? हनुमानने बघितलं, तर समोर आई शेंगा फोडत बसलेली. तो म्हणाला, नाही. वच्छलाबाईंनी एक शेंग फोडली, दाणे सुपात टाकले आणि जिथे बोट दाखवलं तिथे सही केली.

नंतर गुपचूप गेवराईला जाऊन दुरुस्ती करू, असं हनुमानने ठरवलं होतं. मग कापसाची वेचणी आली. आणि काल रविवारी स्वप्नाली फोनवर सहज बोलून गेली की, तिच्या शेजारणीचे सासरे तिकडे आजारी पडले, जुना आजार फॉर्मात लपवला म्हणून कंपनीने हात वर केले आणि दवाखान्याचं बिल भरता भरता त्या पोरीचं घर गेलं.

हनुमानला तेव्हापासून घास गिळवत नव्हता. आईला तिकडे काही झालं, तर आठव्या महिन्यातली बहीण दवाखान्याच्या दारात उभी राहणार होती, आणि तिला तिथे उभं करणारा तो स्वतः असणार होता.

आणि दुरुस्तीसाठी लागणारी फाईल कुणीतरी पळवली होती.

२

तलवाड्यात असल्या कामाला पोलिसांकडे जात नाहीत. शिवगंगाबाईंकडे जातात.

शिवगंगाबाई गेवराई आगारात चोवीस वर्षं एसटीच्या कंडक्टर होत्या. आता निवृत्त होऊन नवऱ्याच्या, म्हणजे विश्वेश्वरअप्पांच्या, किराणा दुकानात बसत. चोवीस वर्षांत त्यांनी लाखो माणसांना एकच प्रश्न विचारला होता आणि त्याला लोक किती तऱ्हांनी खोटं बोलतात, याचा त्यांच्याइतका अभ्यास जिल्ह्यात कुणाचा नव्हता. त्यांचा एक सिद्धांत होता. तिकीट न काढलेला माणूस खिडकीबाहेर फार मन लावून बघतो.

हनुमानने सगळं सांगितलं आणि अट घातली. आईला काहीही कळता कामा नये.

"म्हंजे जिच्या काळजाचा मामला, तिला सोडून बाकीच्यांना विचारायचं," शिवगंगाबाई म्हणाल्या. "बरं. कुलूप तुटलंय?"

कुलूप शाबूत होतं. किल्ली हनुमानच्या करदोड्याला, आणि करदोडा तो आंघोळीलाही सोडत नसे. दुसरी किल्ली दोन वर्षांपूर्वी हरवली होती.

"ट्रंक कुणाची?"

"मायची. तिच्या लग्नातली."

शिवगंगाबाईंनी गूळ तोलता तोलता तराजू खाली ठेवला. "मायपासून लपवायची फाईल तू मायच्या ट्रंकेत ठेवली?"

"तिच्या ट्रंकेला कुणी हात लावत न्हाई ना, अक्का."

या तर्कापुढे शिवगंगाबाईंनी तराजू परत उचलला आणि गूळ तोलून टाकला. मग म्हणाल्या, मायनेच घेतली असेल तर? हनुमान हसला. आईला मराठी सही येते आणि देवीची आरती वाचता येते. त्या फाईलीत एक अक्षर मराठी नाही. तिला त्या कागदांचा उपयोग काय?

शिवगंगाबाई मग लग्नपत्रिका एकेक करून चाळू लागल्या. एकतिसाव्या पत्रिकेतून एसटीचं तिकीट खाली पडलं. तलवाडा ते गेवराई, मागच्या मंगळवारचं.

हनुमानने ते उचलून बघितलं आणि परत दिलं. "ह्याचा काय उपेग न्हाई. मशीन बिघडलेलं दिसतंय. पैशाच्या जागी शून्य आलंय."

शिवगंगाबाईंनी तिकीट चिमटीत धरलं. चोवीस वर्षांच्या सवयीने एक कोपरा मुडपला आणि कमरेच्या बटव्यात टाकलं.

"मशीन कधीच बिघडत न्हाई," त्या म्हणाल्या. "चल, आधी तुझ्या बायकोला विचारते."

हनुमानचा चेहरा उतरला. कारण त्याचाही संशय तिथेच होता.

३

संशयाला कारण होतं. वनमाला आणि तिची सासू यांचं दोन वर्षं रोज दोन्ही जेवणांना भांडण व्हायचं, आणि विषय एकच. मीठ.

वनमालाने चहा ठेवला आणि शिवगंगाबाईंनी काही विचारायच्या आतच डोळ्याला पदर लावला. डॉक्टरांनी मीठ कमी सांगितलं होतं. पण सासूला तसं सांगता येत नाही, कारण गॅसला मीठ कमी करत नाहीत. म्हणून ती दोन वर्षं सासूच्या ताटातलं मीठ "विसरत" होती. सासू रोज म्हणत होत्या, "वनमाले, मीठ विसरलीस बघ." सगळ्या भावकीत तिचं नाव विसरभोळी पडलं. तिच्या माहेरी चौसाळ्यालासुद्धा ते पोचलं, आणि तिची आई तिला बदाम पाठवायला लागली.

"मग त्या वरून मीठ घेत आसतील," शिवगंगाबाई म्हणाल्या.

"न्हाई वो. मिठाची बरणी त्यांच्या हाताशीच आसते. बोलतेत लई, पर घेत न्हाईत."

"आन गोळ्या?"

गोळ्यांचा त्रास नव्हता. मेडिकलवाला महारुद्र त्या पाकिटातून काढून गॅसच्या गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीत भरून देत असे. सासू न चुकता घेतात, वनमाला म्हणाली. एकादशीला चहासुद्धा तोंडात घालत नाहीत. नुसतं पाणी. पण गोळी घेतात.

शिवगंगाबाईंनी कप खाली ठेवला. "एकादशीला? निरंकार उपाशी आसताना?"

"हां. पहाटे देवाच्या आधी."

"मागच्या मंगळवारी कुठं होत्या त्या?"

डोंगरावर देवीची ओटी भरायला गेल्या होत्या, दिवसभर. वनमाला सोबत यायला निघाली, तर नको म्हणाल्या, बाळंतपणाचा नवस हाय, एकटीनंच जायचं आसतं.

वनमाला मग हळूच म्हणाली, की लोकांना वाटतं सासू चालली म्हणून सून खूश असेल. पण सहा महिने मीठ विसरलीस म्हणायला घरात कोण? "मला त्या जायलाच नकू हायेत, अक्का. पर म्हनून मी फाईल चोरीन का?"

शिवगंगाबाईंनी तिच्याकडे नीट बघितलं. वनमाला त्यांच्या डोळ्यांत बघत होती. खिडकीकडे तिची पाठ होती.

४

महारुद्राच्या मेडिकलमध्ये तपास फार लांबला नाही. फाईल हा शब्द ऐकताच महारुद्राने काउंटरखाली काहीतरी सरकवलं. शिवगंगाबाईंनी ते बाहेर काढायला लावलं. गॅसच्या गोळ्यांच्या सहा रिकाम्या बाटल्या निघाल्या.

"सहा महिन्यांच्या भरायलोय," तो म्हणाला. फाईल बाहेर आली तर या बाटल्यांची चौकशी होईल, अशी त्याला धास्ती होती. "मी पाप केलं का अक्का? हनुमान म्हणला, मायला कळलं तर माय टिकायची न्हाई. म्या आपलं बाटली बदलली."

शिवगंगाबाई म्हणाल्या, पाप नंतर मोजू, पण औषधाची मूळ पाकिटं आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत दे, परदेशात बिननावाच्या गोळ्या चालत नाहीत. महारुद्र म्हणाला, ती आधीच गेली. कुणीतरी सांगितल्यावरून सुरज एजंटाने परवाच येऊन नेली.

शिवगंगाबाई पुढच्या एसटीने गेवराईला गेल्या. अर्ध्या तिकिटात.

सुरजचं ऑफिस स्टँडसमोर होतं. त्याने मावशी म्हणून खुर्ची पुसून दिली. शिवगंगाबाईंनी सरळ सांगितलं, की वच्छलाबाईंची दवाखान्याची फाईल चोरीला गेली आहे.

सुरजने पाणी मागवलं.

"आन हनुमाननं फॉर्मात चुकीचं लिवलंय. दुरुस्त करायचंय."

"काय गरज न्हाई मावशी. पॉलिसी आलीय. सगळं नीट हाय."

"हृदयाच्या रकान्यात नाही लिवलंय, ते नीट हाय?"

सुरज खिडकीबाहेर बघू लागला. बाहेर एक म्हैस उभी होती आणि ती काहीही करत नव्हती. पण सुरजने तिच्यावरून नजर हलवली नाही.

शिवगंगाबाईंनी टेबलाकडे बघितलं. काचेखाली गणपती, देवाच्या फोटोशेजारी कंपनीचं कॅलेंडर, आणि त्या दोघांच्या मध्ये वाळलेलं बेलाचं तीन पानी पान. कीबोर्डच्या फटीत पिवळी हळद साचलेली.

"महादेवाला गेलतास का खंडोबाला?"

"कुठंच न्हाई. आसंच."

"बेल हाय, भंडारा हाय, आन आसंच?" शिवगंगाबाई उठल्या. "कुणीतरी तुला इथं, ह्या टेबलावर, बेलभंडारा उचलायला लावलाय. कुणाला सांगनार न्हाई म्हनून."

सुरजने परत म्हशीकडे बघितलं.

"बोलू नकू," शिवगंगाबाई म्हणाल्या. "तुझी शपथ मोडायची मला गरज न्हाई. मला चोर सापडला."

५

मंगळवारी दुपारी वच्छलाबाई ओसरीवर एकट्याच बॅग भरत होत्या. शिवगंगाबाई शेजारी जाऊन बसल्या. हनुमानची अट त्यांना आठवत होती. आईला काही कळता कामा नये. पण जिला सगळं आधीच कळलंय, तिच्याशी बोलल्याने अट मोडत नाही, असा त्यांनी मनाशी निकाल दिला. बटव्यातून तिकीट काढून कुरडयांच्या पुडक्यावर ठेवलं.

"तिकीट दाखवा, काकू."

वच्छलाबाईंनी तिकीट बघितलं. मग आतल्या घराकडे बघितलं.

"हनुमानला वाटतं मशीन बिघडलंय," शिवगंगाबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "शून्याचं तिकीट पंच्याहत्तरच्या पुढच्या माणसाला देतेत, एवढं त्याच्या ध्यानात आलं न्हाई. वनमालाला बाई म्हनून आर्धं पडलं आसतं, सुरजला, महारुद्राला पुरं. तुमी मंगळवारी देवीला गेलत्या न्हाई. गेवराईला गेलत्या. दुसरी किल्ली हरवली न्हाई, तुमच्याचकडं हाय. पर मला आधी कळलं ते तिकिटानं न्हाई."

"मग?"

"मीठ विसरलीस म्हनायचं आन बरनीला हात लावायचा न्हाई. आन एकादशीला गॅसची गोळी. जिनं पोटात काहीच घातलं न्हाई, तिला गॅस कुठून येनार, काकू?"

वच्छलाबाई हसल्या. हसताना त्यांनी पदर तोंडावर घेतला, आणि तो बराच वेळ तिथेच राहिला.

मग त्यांनी सांगितलं. त्या दिवशी दवाखान्यात त्यांना भूल दिलीच नव्हती. असल्या कामात पेशंट जागा असतो, हे हनुमानला माहीत नव्हतं. तो बाहेर होता. त्या आत टेबलावर पडून शेजारच्या पडद्यावर आपल्याच छातीत तार फिरताना बघत होत्या. डॉक्टर मराठीत सांगत होते, मावशी, ही तुमच्या हृदयाची नळी, ही इथं बंद होती, आता बघा, उघडली.

"बाहिर आले तर हनुमान भिंतीला डोकं लावून रडायलेला. एवढा बाप्या मानूस. मला बघितलं आन डोळे पुसून म्हनला, माय, काय न्हाई, गॅस हुता." वच्छलाबाईंनी कुरडयांचं पुडकं उगीच सारखं केलं. "मी म्हनलं, हां बाबा, मला बी तसंच वाटलं. त्याला वाटतं, मला कळलं तर मी भिऊन मरीन. आन मला कळलंय हे त्याला कळलं, तर त्यो भिऊन मरंल. मग गॅसच बरा."

मग फॉर्मचा दिवस आला. पोराने सगळ्यांदेखत नाही म्हटलं, आणि ते कशासाठी म्हटलं, हे त्यांना समोर बसून कळत होतं. पण फॉर्म म्हणजे काही घर नाही, तिथे खोटं चालत नाही, हेही कळत होतं. त्या मंगळवारी फाईल घेऊन गेवराईला गेल्या. सुरजला सगळे कागद दाखवले, नवा फॉर्म भरून घेतला. दवाखान्याच्या डॉक्टरांचं पत्र लागत होतं, की दीड वर्षात औषध बदललेलं नाही. ते सुरजने फोन करून मागवलं. पॉलिसी आली. हृदयाचं काही अचानक झालं तरी कंपनी भरणार, असं त्यात लिहिलेलं सुरजने दोनदा वाचून दाखवलं. मग त्यांनी कनवटीचा भंडारा त्याच्या हातावर ठेवला.

"पोरगी नऊ वर्सांनी बाळंत व्हायलीय. तिच्या मानेवर मी माजं वझं टाकू? आन फाईल बी न्यायलेय. तिकडच्या डॉक्टरला काय दावायचं, लगनपत्रिका?"

फाईल बॅगेत तळाला होती, सुरजने आणून दिलेल्या गोळ्यांच्या मूळ पाकिटांसोबत बाळाच्या दुपट्यांमध्ये गुंडाळलेली.

"हनुमानला काय सांगू मी?" शिवगंगाबाईंनी विचारलं. "त्यो जेवत न्हाई दोन दिस."

वच्छलाबाईंनी एक दुपटं परत फाईलीवर ओढलं.

"त्याला म्हनावं, जेव. पर माजं सांगू नकू."

शिवगंगाबाईंनी आयुष्यात बिनतिकिटाच्या एकाही माणसाला सोडलं नव्हतं. पण या बाईजवळ तिकीट होतं.

६

त्यांनी हनुमानला सांगितलं, की फॉर्म दुरुस्त झालाय, हृदयासकट विमा पक्का आहे आणि फाईल योग्य माणसाच्या हातात आहे. विश्वास नसेल तर सुरजकडून छापील पॉलिसी आणून बघ. हनुमानने आणून बघितली, कुणाकडून तरी वाचून घेतली आणि दोन दिवसांचं एकदम जेवला. पण कुणी केलं हे?

"प्रवाशाकडं तिकीट आसलं की कंडक्टर पुढं चौकशी करत न्हाई," शिवगंगाबाई म्हणाल्या आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाला साबण दिला.

एक गोष्ट मात्र त्यांच्याही तपासात आली नव्हती. पॉलिसीची एक प्रत सुरजने नियमाप्रमाणे कॅनडाला पाठवली होती. मंगळवारी संध्याकाळी स्वप्नालीचा वनमालाला फोन आला. वहिनी, आईच्या भाजीत मीठ किती घालतेस, बरोबर माप सांग. आणि मी विचारलं म्हणून दादाला सांगू नकोस, तो बिचारा दोन वर्षं गॅस म्हणतोय. आईला तर अजिबात नको.

बुधवारी सकाळी जीप दारात आली. निरोपाला आलेल्या गावाला गॅसचं माहीत होतं, हृदयाचं माहीत होतं आणि काय बोलायचं नाही हेही माहीत होतं. महारुद्राने सहा बाटल्यांची पिशवी आणून दिली. वनमालाने दशम्यांचा डबा दिला.

"मीठ घातलंस का?" वच्छलाबाईंनी विचारलं.

"विसरले, आत्याबाई."

"तू कवा सुधारनार," म्हणत वच्छलाबाईंनी तिच्या चेहऱ्यावरून दोन्ही हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली.

त्या जीपमध्ये खिडकीशी बसल्या. हनुमान पुढे बसणार होता. पण तो मागच्या दाराशीच घोटाळत राहिला. पट्टा लावला, परत सोडला, सैल करून लावला. विमानात चाकाची खुर्ची मिळेल ते सांगितलं. गोळ्या वेळेवर घ्यायचं सांगितलं. मग आत वाकून म्हणाला,

"आन माय, इमानात छातीत काय दुखलं, जरा जरी दुखलं, तर त्या पोरींना लगेच..."

"पोटात," वच्छलाबाई म्हणाल्या.

हनुमान थांबला.

त्याने आईकडे बघितलं. मग ओट्यावर उभ्या असलेल्या शिवगंगाबाईंकडे. मग मांडीवर घट्ट धरलेल्या आईच्या बॅगेकडे, जिच्या अर्धवट लागलेल्या चेनमधून दुपट्याचं एक टोक आणि निळ्या प्लास्टिकचा एक कोपरा बाहेर आला होता. ड्रायव्हरने गाडी सुरू केली होती ती बंद केली.

हनुमानने हात आत घालून तो निळा कोपरा दुपट्याखाली सारला. चेन पुरती ओढली.

"हां," तो म्हणाला. "पोटात."

आणि वच्छलाबाई खिडकीबाहेर फार मन लावून बघू लागल्या.